कापडी तोंडाचा देव

नवा देव काढायचा म्हटले, तर भांडवल किती लागेल? खाणावळ काढणारा हा हिशेब आधी करतो, छापखाना काढणारा करतो. दिवाळी अंक काढणारा करीत नाही आणि मग त्याचे काय होते ते आपण पाहतोच. तेव्हा देव काढणाऱ्याने तरी अंदाजपत्रकावाचून उडी का घ्यावी? सुदैवाने असे एक अंदाजपत्रक तयार आहे. ते अठराशे वर्षांपूर्वीचे आहे. पण मालाचे भाव सोडले, तर त्यात फारसा फेरफार करावा लागणार नाही. त्यातले सामान असे: माणसाळलेला मोठा साप, नग एक. नुकतेच जन्मलेले सापाचे पिल्लू, नग एक. हंसाचे रिकामे अंडे, तेही एकच. थोडे लिननचे कापड, घोड्याचे केस, मेण आणि सफेदा. बस्स, एवढ्यात देव उभा राहतो. बाकीचे सामान भक्तमंडळी आपापल्या घरून घेऊन येतात.

हा जमाखर्च लिहून ठेवणाऱ्या लेखकाचे नाव ल्यूशियन. युफ्रेटिस नदीकाठच्या सामोसाटा गावचा हा माणूस. (गावाच्या नावावरून वाचकांचे मन फराळाच्या ताटाकडे वळू नये.) दुसऱ्या शतकात तो ग्रीक भाषेत लिहीत असे, आणि दांभिक माणूस दिसला की त्याच्या लेखणीला खाज सुटत असे. इ.स. १८० मध्ये रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस वारला. त्यानंतर केव्हातरी ल्यूशियनने केल्सस नावाच्या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात एका बुवाचे साद्यंत चरित्र सांगितले. चरित्र शत्रूने लिहिलेले आहे, तेव्हा रुपयातले चार आणे वजा करून घ्यावेत. पण उरलेले बारा आणेही काही थोडे नव्हेत.

बुवाचे नाव अलेक्झांडर. जगज्जेता तो वेगळा. याने जग जिंकले नाही, जगाची अक्कल जिंकली. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, अबोनोटिकस नावाचे लहानसे गाव होते, तिथला हा रहिवासी. दिसायला देखणा, उंच, गोरा. डोळ्यांत तेज, आवाज गोड आणि खणखणीत. केस खांद्यावर रुळणारे, पैकी काही स्वतःचे आणि काही उसने. पण उसने इतके बेमालूम की कोणाला संशय येऊ नये. या केसांची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

तरुणपणी हा एका भोंदू वैद्याच्या हाताखाली तयार झाला. वशीकरण, शत्रूवर करणी, गुप्तधन शोधणे, वारसा मिळवून देणे असा तो चौफेर अभ्यासक्रम होता. गुरुजी वारले, तेव्हा अलेक्झांडरने कोकोनास नावाचा एक भागीदार गाठला. दोघे गावोगाव हिंडत एका श्रीमंत, वय उतरलेल्या बाईच्या आश्रयाने मॅसिडोनियातल्या पेल्ला शहरात पोचले. तिथे त्यांनी एक नवल पाहिले. त्या मुलखातले मोठमोठे साप इतके गरीब, की बायका ते घरात पाळीत, पोरे त्यांच्याशेजारी झोपत आणि पाय पडला तरी ते फणकारत नसत. असा एक दांडगा साप आमच्या भागीदारांनी चार दिडक्यांना विकत घेतला.

साप तर मिळाला, आता धंदा कोणता? इथे ल्यूशियन त्या दोघांच्या तोंडी एक विचार घालतो. माणसाच्या जन्मावर दोनच धनी राज्य करतात, आशा आणि भीती. ज्याला आशा आहे त्यालाही उद्या काय होणार ते हवे असते, ज्याला भीती आहे त्यालाही तेच हवे असते. म्हणजे गिऱ्हाईक दोन जातींचे, पण माल एकच. असा किफायतशीर धंदा दुसरा नाही. तेव्हा देवाचा कौल देणारे ठिकाण काढायचे असे ठरले. कोकोनासचे म्हणणे, दुकान बाजारपेठेच्या गावी टाकावे. अलेक्झांडरचे म्हणणे, आपल्या गावी टाकावे. तिथे झांजा-डफ घेऊन कोणी आला आणि चाळणीवरून भविष्य सांगू लागला की लोक तोंड उघडून बघत राहतात. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही आपली म्हण त्याच्या कानावर गेली नव्हती, हे त्याचे भाग्य. आपल्याला पोरवयापासून ओळखणाऱ्या लोकांपुढे देवाचा प्रेषित म्हणून उभे राहण्याचा बेत त्याने केला आणि तो पार पाडला. या हिमतीची मला कमाल वाटते.

आधी जाहिरात. दोघांनी ब्राँझचे पत्रे कोरून कॅल्सेडन शहरातल्या अपोलोच्या जुन्या देवळात पुरले, आणि मग ते ‘सापडू’ दिले. पत्र्यांवर मजकूर असा, की वैद्यांचा देव अस्क्लेपियस, म्हणजे ग्रीकांचा धन्वंतरीच म्हणा, आपल्या पित्यासह लवकरच अबोनोटिकसला मुक्कामाला येत आहे. बातमी गावी पोचली. पंचांनी ठराव केला आणि देवळाचा पाया खणायला सुरुवातही झाली. एवढ्यात भागीदार कोकोनास कॅल्सेडनमध्येच मेला. साप चावून मेला असे ल्यूशियन म्हणतो. सापाचा देव काढणारा सापाच्या दाताने जावा, हा काही जाहिरातीत घालण्यासारखा मजकूर नव्हता. सारा कारभार एकट्या अलेक्झांडरवर आला.

मग तो गावात प्रवेशला. जांभळा-पांढरा अंगरखा, वर पांढरी शाल, हातात कोयता. आईकडून आपण पर्सियस या वीराचे वंशज आहोत असे त्याने जाहीर केले. आई-बाप कोण, कसले, हे गावाला पुरते ठाऊक होते. तरी गावाने मान डोलावली. मधूनमधून एका वनस्पतीची मुळी चघळून तो तोंडातून फेस काढी आणि लोक अंगात आले म्हणून हात जोडीत. त्या मुळीचा खरा उपयोग कपडे धुण्याकडे होता!

एका रात्री तो देवळाच्या पायाजवळ गेला. खड्ड्यात पाणी साचले होते. हंसाचे अंडे पोकळ करून त्यात सापाचे पिल्लू घातलेले, चीर मेणाने आणि सफेद्याने लिंपलेली. ते त्याने चिखलात दडवले. सकाळी सोनेरी लंगोटी नेसून, केस पिंजारून, स्वारी बाजारात धावत आली आणि वेदीवर चढून गावाच्या भाग्याची तारीफ करू लागली. मधेच हिब्रू की फिनिशियन अशी कसलीशी भाषा. त्यातले अपोलो आणि अस्क्लेपियस एवढे दोनच शब्द लोकांना कळत. (न कळणाऱ्या भाषणाने श्रोता अधिक भारावतो, हा अनुभव व्याख्याते मंडळींना नवा नाही.) मग तो खड्ड्याकडे धावला, पाण्यात उतरला, स्तोत्रे म्हटली, एक वाडगा मागून घेतला आणि पाण्यातून अंडे वर काढले. ते तळहातावर फोडले तो आत वळवळणारे पिल्लू! लोकांनी गुडघे टेकले, नवस बोलले. कोणी धन मागितले, कोणी आरोग्य. आणि देवाला घेऊन बुवा धावत घरी गेले.

काही दिवसांनी दर्शन सुरू झाले. अंधुक उजेडाची लहानशी खोली. बुवा आसनावर बसलेले. गळ्यात तो पेल्लाचा अजस्र साप. शेपूट मांडीवरून जमिनीवर लोळते आहे. सापाचे खरे डोके मात्र बुवांच्या काखेत, आणि दाढीशेजारून बाहेर डोकावते आहे ते लिननचे, रंगवलेले, माणसासारख्या तोंडवळ्याचे. घोड्याच्या केसाची दोरी ओढली की जबडा उघडे, दुसरी ओढली की काळी दुभंगलेली जीभ बाहेर येई. एका दाराने आत, समोरच्या दाराने बाहेर. नीट बघावे म्हणेपर्यंत मागचे लोक पुढे ढकलीत. चार दिवसांपूर्वीचे वीतभर पिल्लू एवढे कसे वाढले, असा प्रश्न कोणी विचारला नाही. उलट तोच चमत्कार ठरला. हात लावून बघायलाही मिळे. सापाचे अंग खरेच होते ना!

देवाचे नाव ठेवले ग्लायकॉन. कौलाची पद्धत अशी: प्रश्न लिहायचा, गुंडाळी करून लाखबंद करायची आणि बुवांच्या हवाली करायची. काही दिवसांनी गुंडाळी परत मिळे, मोहोर जशीच्या तशी आणि आत उत्तर! भक्त गार पडत. ल्यूशियनने मोहोर फोडण्याच्या युक्त्या सांगितल्या आहेत. तापवलेल्या सुईने मेण खालून अलगद उकलणे ही एक. छाप घेऊन पुन्हा तशीच मोहोर उठवणे ही दुसरी. आणखीही एक आहे, पण ती मी मुद्दाम देत नाही. प्रश्नपत्रिकांची लाखबंद पाकिटे सांभाळण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या जातीचा मी आहे.

दर एका प्रश्नाला एक द्राख्मा आणि दोन ओबोल. लोक एका दमात दहा-दहा, पंधरा-पंधरा प्रश्न टाकीत. ल्यूशियनच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाची मिळकत सत्तर-ऐंशी हजार द्राख्मांवर गेली. बुवा एकटा खात नसे, हेही सांगितले पाहिजे. पदरी नोकर, बातमीदार, कौलाची पद्ये रचणारे, कारकून, मोहोर करणारे, अर्थ सांगणारे, सगळ्यांना योग्यतेप्रमाणे पगार होता. श्रीमंतांसाठी खास सोय निराळी: देव स्वतः बोले. कापडी मुंडक्यात क्रौंच पक्ष्यांच्या श्वासनळ्या जोडून केलेली नळी बसवलेली असे. बाहेरून माणूस तिच्यात बोले आणि आवाज देवाच्या तोंडातून येई. साधे कौल पुष्कळदा दोन्हीकडे वळतील असे दुटप्पी असत. औषध विचारले तर बहुधा एका मनगढंत नावाचे मलम लावायला सांगत.

इथपर्यंत सारे हसण्यासारखे आहे. गाव लुबाडले गेले, पण हौसेने लुबाडले गेले. खरी गोष्ट पुढे सुरू होते.

सेव्हेरियानस नावाचा रोमन सुभेदार होता. आर्मेनियावर स्वारी करू का, असे त्याने विचारले. ग्लायकॉनने विजयाचे आश्वासन दिले. इ.स. १६१ मध्ये तो सैन्यासह नाश पावला. मग बुवाने काय केले? दप्तरातला जुना कौल काढून टाकला आणि त्या जागी ‘जाऊ नको’ असा नवा घातला. डॅन्यूब नदीकाठी लढाई चालू असताना देवाने सांगितले, की दोन जिवंत सिंह सुगंधी द्रव्यांसह नदीत सोडा, जय होईल. सोडले. सिंह पोहत पलीकडे गेले. तिकडच्या रानटी लोकांनी सिंह कधी पाहिलेले नव्हते. परमुलखातली कुत्री समजून त्यांनी ते सोटे घालून मारले. लगोलग रोमन फौजेची वीसेक हजार माणसे पडली. बुवा म्हणाले, देवाने जय सांगितला होता; कोणाचा, ते कुठे सांगितले होते?

पुढे साथ आली. दारावर लिहायचा एक मंत्र ग्लायकॉनने गावोगाव पाठवला. ज्या घरांवर मंत्र होता तीच घरे अधिक ओस पडली, असे ल्यूशियन नोंदवतो. त्याला मंत्रात शाप दिसत नाही. त्याच्या मते बहुधा योगायोग असावा, किंवा मंत्रावर विसंबून लोकांनी पथ्यपाणी सोडले असावे. शत्रू असूनही त्याने हे सरळ लिहिले, म्हणून तर बारा आण्यांचा भरवसा.

पण सगळ्यांत विलक्षण प्रकरण रुटिलियानसचे. हा रोमचा बडा सरदार, मोठमोठे हुद्दे भूषवलेला, आणि अडाणी तर मुळीच नव्हे. परंतु वाटेत तेल लावलेला किंवा हार घातलेला दगड दिसला की हा लोटांगण घालणार आणि तासभर तिथेच प्रार्थना करीत राहणार. (शेंदूर तेवढा कमी.) त्याने देवाला विचारले, माझ्या मुलाला गुरू कोणता ठेवू? देव म्हणाला, पायथागोरस ठेव आणि होमर ठेव. दोघेही शेकडो वर्षांपूर्वी गेलेले. त्यानंतर काही दिवसांतच तो मुलगा वारला.

आता बुवा कोंडीत सापडला. काय सांगावे त्याला सुचेना. पण त्याला काही सांगावेच लागले नाही. रुटिलियानस स्वतःच म्हणाला, की अहो, देवाने हेच तर सांगितले होते! जिवंत गुरू न सांगता मेलेले सांगितले, याचा अर्थ मुलगा परलोकी त्यांच्यापाशी शिकायला जाणार, हे देवाला आधीच कळले होते. मुलाच्या चितेपाशी उभा राहून बाप देवाची बाजू मांडतो आहे! मला या साऱ्या चरित्रात कापडी मुंडक्याचे, नळीचे, अंड्याचे नवल वाटत नाही. ते आपल्याकडचा गारुडीही करील. नवल या बापाचे वाटते, आणि त्याला हसायला गेले की हसू घशात अडकते. मुलगा उगाच गेला, असे मानायचे की तो होमरच्या पाठशाळेत आहे असे मानायचे? बुवाने खोटे रचले ते पैशासाठी. बापाने ते सांधले, कारण ते फुटले असते तर त्याच्याजवळ काहीच उरले नसते. दोरी ओढणारा हात बुवाचा, पण मुंडके धडावर घट्ट शिवून ठेवणारा धागा भक्ताच्या घरचा होता.

पुढे याच रुटिलियानसने साठाव्या वर्षी बुवाच्या मुलीशी लग्न केले. मुलगी चंद्रदेवतेपासून झालेली आहे असे बुवांचे सांगणे होते. सासूबाई आकाशात असल्या म्हणजे जावयाला घरात त्रास कमी होत असेल, पण राज्याला मात्र झाला. कारण रोमचा एवढा वजनदार माणूस जावई झाल्यावर बुवाला हात लावणार कोण?

विरोध करणारे दोनच वर्ग होते: एपिक्यूरसचे अनुयायी आणि ख्रिस्ती. एकमेकांशी त्यांचे बिलकूल पटत नसे, पण बुवाने दोघांना एकाच दोरीत बांधले. उत्सवाच्या आरंभी या दोघांना हाकलून देण्याचा गजर व्हायचा. एपिक्यूरसचा ग्रंथ त्याने भर बाजारात अंजिराच्या लाकडांवर जाळला आणि राख समुद्रात टाकली. शेजारच्या अमास्ट्रिस शहरात असले शंकेखोर लोक बरेच होते, म्हणून त्या शहराला कौल देणेच बंद!

या शंकेखोरांपैकी एकाने भर सभेत बुवाला एक गोष्ट ऐकवली, आणि ती आपण ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात हिंदुस्थान येतो. त्या प्रांतातल्या एका गृहस्थाचा मुलगा अलेक्झांड्रियाला शिकत होता. बरोबर घरचे गुलाम होते. मुलगा नाइल नदीतून वर गेला, आणि कोणाच्यातरी नादाने हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चढला. बरेच दिवस पत्ता नाही, तेव्हा गुलाम बिचारे घरी परतले आणि तो बुडाला असावा म्हणाले. बापाने ग्लायकॉनला विचारले. देव म्हणाला, गुलामांनीच मारला. सुभेदाराने गुलामांना हिंस्र पशूंपुढे टाकले. त्यानंतर मुलगा घरी आला, धडधाकट, प्रवासाच्या गोष्टी सांगत. ही हकिगत त्या माणसाने तोंडावर सुनावली, तेव्हा बुवाने काय करावे? जमलेल्या लोकांना म्हटले, याला दगड मारा, नाहीतर तुम्हीही पापी. लोकांनी दगड उचलले. एका परगावच्या पाहुण्याने मधे पडून त्याला मिठी मारली, म्हणून तो वाचला. त्या गुलामांना मिठी मारणारा कोणी नव्हता. त्यांची नावेही ल्यूशियनने दिलेली नाहीत.

ल्यूशियनने स्वतःही देवाची परीक्षा घेतली. ‘अलेक्झांडर लबाडी करताना केव्हा पकडला जाईल?’ एवढा एकच प्रश्न लिहून गुंडाळीवर ‘आठ प्रश्न’ असे टाकले आणि आठ प्रश्नांचे पैसे पाठवले. उत्तरे बरोबर आठ आली, एकाचाही प्रश्नाशी संबंध नाही. (अशा उत्तरपत्रिका आमच्याकडे दरसाल येतात, पण आम्ही त्यांना देववाणी म्हणत नाही.) मग होमरचा जन्म कुठला, असा प्रश्न पाठवला आणि नोकराकरवी बुवाच्या माणसांना कळू दिले की दुखण्यावर औषध विचारले आहे. होमरच्या जन्मस्थानाऐवजी ते नेहमीचे मलम आले.

शेवटी दोघांची भेट झाली. बुवाने चुंबनासाठी हात पुढे केला. ल्यूशियनने तो कडकडून चावला. टीकाकाराने शब्दांनी चावे घ्यावेत हे ठीक, पण याने अक्षरशः घेतला! भक्त अंगावर धावून आले. बरोबर दोन शिपाई होते म्हणून निभावले. बुवाने मात्र लोकांना आवरले, ल्यूशियनला एकांतात नेले, गोड बोलला, भेटी दिल्या, परतीसाठी आपले गलबत दिले. भर समुद्रात ल्यूशियनला दिसले की तांडेल खलाशांशी हुज्जत घालतो आहे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. त्याला पाण्यात टाकून देण्याचा हुकूम होता. म्हातारा म्हणाला, साठ वर्षे सरळ वागलो, घरी बायकामुले आहेत; आता या वयात हात खुनाने बरबटू कसे? आणि त्याने ल्यूशियनला किनाऱ्यावर उतरवले.

असा तांडेल सगळ्यांच्याच वाट्याला येतो असे नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते. तिथे गोळ्या झाडणाऱ्यांना घरची बायकामुले आठवली नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

ल्यूशियन फिर्याद करायला निघाला. सुभेदाराने त्याच्या विनवण्या केल्या, की बाबा रे, हे करू नको. गुन्हा शाबीत झाला तरी रुटिलियानसच्या भिडेमुळे मला शिक्षा देता येणार नाही. कोर्टकचेरी तिथेच संपली.

आपण दीडशे वर्षे जगू आणि वीज पडून मरू, असे बुवाने भविष्य केले होते. सत्तरी गाठण्याआधीच तो पाय सडून गेला. अखेरच्या दुखण्यात डोक्यावर औषधाचे पाणी धरण्यासाठी वैद्यांनी केस बाजूला केले, तेव्हा ते सगळेच हातात आले. टकलाचे दर्शन झाले ते असे. मागे गादीसाठी शिष्यांत भांडणे लागली. निवाडा रुटिलियानसकडे गेला. त्याने गादी कोणालाच दिली नाही. बुवा देहाने गेले तरी प्रेषितपद त्यांचेच राहील असे ठरवले.

आणि राहिले. ल्यूशियनच्या पत्राने देव मेला असता तर बरे झाले असते, पण ग्लायकॉनची नाणी तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत पडत होती. बुवाने बादशहाकडे अर्ज करून गावाचे नाव आयोनोपोलिस करून मागितले होते. तेच झिजत झिजत आज इनेबोलु झाले आहे. १९६२ साली रुमेनियातल्या कॉन्स्टान्सा शहरात खोदकाम चालू असताना, पुरून ठेवलेल्या मूर्तींच्या ढिगात संगमरवराचा एक साप निघाला. वेटोळी घातलेला, तोंड मेंढरासारखे, कान आणि लांब केस माणसाचे, शेपटी सिंहाची. काखेत डोके लपवण्याची आता गरज नव्हती. दगडात तो पुरता देव झाला होता. १९७४ मध्ये तो रुमेनियाच्या टपाल तिकिटावर आला, आणि १९९४ मध्ये त्या सरकारने दहा हजार लेईची नोट काढली तेव्हा तिच्यावरही त्याचे चित्र छापले.